हातोड्याला न दचकणारं पिल्लू

आमच्या सासऱ्यांना गल्लीत सगळे 'ठणठण' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि त्याचा रागही नाही. उलट दुकानाला पाटी लावायची ठरली तेव्हा "ठणठण एवढंच लिही, लोक येतील बरोबर," असं त्यांनी रंगाऱ्याला सांगितलं होतं. सासूबाईंनी ती पाटी काही होऊ दिली नाही. त्यामुळे दुकानाला आजही पाटी नाही आणि तिच्यावाचून अडतही नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की नवखा माणूससुद्धा आवाजाच्या मागोमाग येऊन पोचतो.

काम पत्र्याचं. पेट्या, पाण्याच्या टाक्या, नरसाळी, पन्हळी, धुराड्याचे नळ. मिसरूड फुटायच्या आधी ते मामाच्या हाताखाली शिकायला बसले, ते अजून उठलेले नाहीत. बोटं जाड, नखं काळी, पण पत्र्याची कड दुमडताना हात असा चालतो की बघत राहावं. टाकी तयार झाली की ती पाण्याने भरायची, आणि मग कोरडा तळहात तिच्या प्रत्येक सांध्यावरून फिरवायचा. हाताला ओल लागली की टाकी परत डाखायला, म्हणजे सांध्यावर कथील ओतून भेग बुजवायला. पेटी पूर्ण झाली की तिच्यावर बसून चहा प्यायचा. पेटी कुरकुरली नाही तरच गिऱ्हाइकाच्या हवाली. विनोद सांगायची भारी हौस, आणि तो संपायच्या आत स्वतःच हसायची त्याहून जास्त.

खाली दुकान, वर आम्ही. मधे लाकडी जिना, वरची जमीनही फळ्यांची. खाली हातोडा पडला की वर फडताळातल्या कपबशा नाचतात. साहजिकच या घरात सगळे ओरडून बोलतात. मी चार वर्षांपूर्वी सून म्हणून आले. माझी नोकरी ग्रंथालयात. दिवसभर लोकांना 'शू' म्हणायचं आणि संध्याकाळी अशा घरात यायचं, जिथे 'मीठ दे' हेसुद्धा भर सभेत घोषणा केल्यासारखं सांगतात. पहिला आठवडाभर मला वाटत होतं की माझं काहीतरी चुकलंय आणि सगळे माझ्यावर चिडलेत. मग नवऱ्याने समजावलं की अगं, हे लाडाने चाललंय.

या आरडाओरड्यात सासूबाईंचं एक रडगाणं कायमचं. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवरून हाक मारायच्या, "अहो! येताना अंडी आणा!" उत्तर नाही. दुसरी हाक. उत्तर नाही. तिसऱ्या हाकेला खालून यायचं, "ऐकतोय मी!" आणि संध्याकाळी अंड्यांऐवजी काडेपेटी यायची.

"गिऱ्हाईक समोर येऊन कुजबुजलं तरी यांना ऐकू जातं," त्या मला सांगायच्या, "मोजमापं, झाकण, कडी, कुलूप, सगळं बिनचूक! आणि मी घसा फोडला तरी हा माणूस ढिम्म. कान शाबूत आहेत गं. ऐकायचंच नसतं."

मलाही ते पटायचं. कारण गिऱ्हाईक आलं की बाबा हातोडा खाली ठेवायचे, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि एक शब्द निसटू द्यायचे नाहीत. मी मनात म्हणायचे, धंद्यापुढे बायको कोण!

नणंद लग्न होऊन लांब गेली, मी दिवसभर कामावर, नवरा खाली बापाच्या जोडीला. सासूबाई वर एकट्या. बोलायची दांडगी आवड, आणि ऐकायला कोण, तर कपबशा. अशात एके दिवशी त्या औषधाच्या दुकानातून आल्या त्या पिशवी टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "मला कुत्रा आणायचाय. तसलाच, दाबलेल्या तोंडाचा."

औषधवाल्याकडे एक म्हातारा बुलडॉग आहे. दारात पसरलेला असतो. लोक त्याला ओलांडून आत जातात. सासूबाईंनी सहज "काय रे?" म्हटलं, तर तो उठला.

"पाय आखडलेले, धाप लागलेली, तरी उठून आला गं माझ्यापर्यंत. एका हाकेला! या घरात येतं का कोणी माझ्या हाकेला?"

जेवणाच्या टेबलाशी आम्ही सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. ते मान खाली घालून सूप पीत होते. सगळे आपल्याकडे बघतायत हे लक्षात आल्यावर ते म्हणाले, "हो, हो, छान आहे." ते सूपबद्दल बोलले की कुत्र्याबद्दल हे आम्ही विचारलं नाही. घरधन्याचा होकार मिळाला असं धरून चाललो.

खरा विषय काय होता हे दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याने समोर बसून सांगितल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आणा. पण माझ्या हातोड्याला भिणारा नको." त्यात तथ्य होतं. मागे नणंद आपला झिपरा कुत्रा घेऊन राहायला आली होती. पहिल्याच ठोक्याला तो कपाटाखाली शिरला, तो ती परत निघाली तेव्हाच बाहेर आला, आणि तोही ओढून काढावा लागला.

मग मी ग्रंथालयात मिळेल ते वाचून काढलं. एखादी गोष्ट पुस्तकात सापडली की माझ्यात जरा मुख्याध्यापिका संचारते, हे मला मान्य आहे. बुलडॉगला फार पळवावं लागत नाही, तो उगाच भुंकत नाही, माणसांवर त्याचा जीव असतो, आमच्या दोन खोल्यांत तो सुखाने मावेल. पण नाक आखूड, त्यामुळे श्वासाची तक्रार. ऊन आणि उकाडा सोसत नाही. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवायच्या. अंग जड, म्हणून जिना चढवायचा नाही. नाकपुड्या मोकळ्या आहेत का ते बघा, आईचा श्वास ऐका, पाय बघा. मी हे सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलं की नवरा झोपेत 'नाकपुड्या' म्हणाला.

पिल्लं होती गावाबाहेर राहणाऱ्या एका बाईंकडे. पूर्वी त्या शिवणकाम शिकवायच्या. आता घरभर कापडाच्या चिंध्यांच्या गाद्या आणि त्यांवर बुलडॉग. आम्ही चौघं टेम्पोतून गेलो. बाबांनी मांडीवर एक पिशवी घट्ट धरली होती. त्यात काय आहे विचारलं तर नुसते हसले.

घर स्वच्छ होतं. फिनाईलचा आणि कोमट दुधाचा वास येत होता. पिल्लांची आई सावकाश आली, तिने आम्हा सगळ्यांना हुंगलं, आणि माझ्या नवऱ्याच्या पायावर बसली ती उठेच ना. श्वास तिचा चांगला होता. मी वाकून ऐकला. बाईंनी तिला शेजारच्या खोलीत नेलं आणि पिल्लं दाखवली. चार होती, दोन-अडीच महिन्यांची. एकमेकांच्या अंगावर पडणारी, घसरणारी, आपल्याच पायात पाय अडकून तोंडावर आपटणारी. मी एकेकाला उचलून नाकपुड्या बघितल्या, तोंड हलकेच मिटून श्वास ऐकला, घड्या उलगडल्या, पाय चाचपले. बाई माझ्याकडे आदराने बघत होत्या. मला ते आवडलं.

"झालं तुझं?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून पत्र्याचा तुकडा आणि हातोडा काढला. कोणी काही म्हणायच्या आत, ठण्ण!

बाईंच्या हातातला चमचा पडला. दोन पिल्लं टेबलाखाली, एक थेट दुधाच्या भांड्यात. शेजारच्या खोलीतून आई भुंकायला लागली. चौथं पिल्लू, जवळजवळ सगळं पांढरं, फक्त एका डोळ्यावर बदामी डाग, गादीवर आडवं झोपलेलं होतं. ते तसंच झोपून राहिलं. ठण्ण! पुन्हा काही नाही. ठण्ण! त्याने एक लांब सुस्कारा सोडला आणि कूस बदलली. एवढ्यात भांड्यातली बहीण ओल्या पायांनी त्याच्या डोक्यावरून पळाली, तेव्हा कुठे तो जागा झाला. आमच्याकडे बघून त्याने अशी जांभई दिली की जबड्याच्या मागची भिंत दिसावी.

"हाच!" बाबा ओरडले. "याला म्हणतात काळीज! ऐरणीवर निजेल हा!"

"हा पहिल्यापासून फार शांत," बाई कौतुकाने म्हणाल्या. "बाकीचे उठले की हा उठतो. स्वतःहून कधी कटकट नाही."

आम्ही पाच मोठी माणसं त्या खोलीत होतो. पाचांतल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. त्याच्या नाकपुड्या तर मी बोटभर अंतरावरून तपासल्या होत्या. त्याच डोक्याला दोन कान आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सासूबाईंनी त्याला उचललं. त्याने त्यांची हनुवटी चाटली आणि मान त्यांच्या कोपराच्या बेचक्यात टाकून दिली. त्या क्षणी घेणं-न घेणं संपलं. परतीच्या वाटेवर त्याचं नावही ठरलं, ढब्बू.

पहिले काही दिवस घरात नुसता आनंद. ढब्बू खाली बाबांच्या कामाच्या टेबलाखाली झोपायचा. डाखायची शेगडी दूर कोपऱ्यात हलवली होती, त्याच्यासाठी पंखा लावला होता. वर पत्र्यावर घाव पडत असायचे आणि खाली हा घोरत असायचा. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायचे. "बघा! जातिवंत कारागीर!" लोक लांबलांबून टाकीच्या निमित्ताने ढब्बूला बघून जायला लागले.

सासूबाईंनी मात्र हाकेचा सराव लावला होता. स्वयंपाकघरातून "ढब्बू!" बाहेरच्या खोलीत ढब्बू पाठ करून बसलेला. "ढब्ब्या!" तो आपल्या पंजाकडे बघतोय. "ए ढब्बू, ढब्बूराव, अरे बाळा!" काही नाही. मग त्या हातात अंड्याचा तुकडा घेऊन त्याच्यासमोर आल्या की शेपटीच्या जागी जे काय बटण असतं ते सगळ्या अंगासकट हलायला लागायचं.

"बुलडॉग हट्टी असतात," मी म्हटलं. "पुस्तकात आहे."

"घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं," सासूबाई म्हणाल्या. "एक न ऐकणारा होताच. त्यात हा दुसरा." पण म्हणताना त्या हसत होत्या.

लस टोचायला त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा मी आणि सासूबाई बरोबर होतो. डॉक्टर तरुण मुलगी, हात हलका. सासूबाईंनी तिला हातोड्याची गोष्ट रंगवून सांगितली. ती ऐकताऐकता हसत होती, आणि मग हसायची थांबली. तिने ढब्बूच्या मागे जाऊन किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. ढब्बू टेबलाचा थंड पत्रा चाटत होता. तिने टाळी वाजवली. मग पितळी घंटा. तो चाटतच राहिला. तिने टेबलावर बोटाने टिचकी मारली, तेव्हा तो वळून बघायला लागला, ते टेबल हललं म्हणून.

"आजी," ती म्हणाली, "याला काहीच ऐकू येत नाही. जन्मापासून. पांढऱ्या पिल्लांत होतं असं कधीकधी. बाकी एकदम ठणठणीत आहे. नीट वाढेल, सगळं शिकेल. फक्त मागून हाक मारून उपयोग नाही. समोर जायचं, तोंड दिसेल असं उभं राहायचं, हाताने खुणा करायच्या. जमिनीवर पाय आपटला की त्याला कळेल. आणि झोपेत एकदम मागून हात लावायचा नाही, दचकेल."

सासूबाई परत येताना वाटभर त्याचे कान बोटांनी चाचपत राहिल्या.

पिल्लंवाल्या बाईंना फोन केला तर त्या बिचाऱ्या ओशाळल्या. त्यांनी दहा वेळा माफी मागितली. म्हणाल्या, त्याची बहीण अजून आहे, कान एकदम तिखट, रविवारी या आणि बदलून घेऊन जा, याला मी सांभाळीन.

जेवताना चर्चा झाली. नवरा म्हणाला, परत देणंच बरं. खाली दिवसभर पत्र्यांची ने-आण. 'सर' म्हटलं तर हा सरणार नाही. एखाद दिवशी कड लागेल. मी दोन्हीकडून बोलले, म्हणजे काहीच बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला हाकेला ओ देणारं कोणीतरी हवं होतं. एवढंच हवं होतं. याचा राग नाही मला. पण माझ्यात आता आणखी एकाच्या नावाने घसा फोडायचं त्राण नाही."

बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. आळीपाळीने, नीट. मग ताट सारून खाली गेले. दुकान बंद झालेलं होतं, काम काही नव्हतं, तरी बराच वेळ ठोकाठोक ऐकू येत राहिली.

रविवार उजाडला. नवरा टेम्पो पुसत होता. मी टोपलीत जुनं पांघरूण घातलं आणि ती खाली नेऊन दाराशी ठेवली. ढब्बू खाली बाबांपाशी होता. सासूबाईंनी जिन्याच्या वरच्या पायरीवरून हाक मारली, "अहो! निघायचंय! आणा त्याला!"

रविवारी हातोडा बंद असतो. कुठलाच आवाज नव्हता, त्यामुळे हाक घरभर घुमली. उत्तर आलं नाही.

"अहो!"

तिसऱ्या हाकेला त्यांचा आवाज चिरकला. आणि एरवी तिसऱ्या हाकेला हमखास येणारं 'ऐकतोय मी' तेही आलं नाही. मी दुकानाच्या आत गेले.

बाबा बुटक्या स्टुलावर पाठमोरे बसले होते. मांडीवर ढब्बू. ओल्या फडक्याने ते त्याच्या नाकावरच्या घड्या पुसत होते, मी शिकवलं होतं तशाच, आधी ओलं, मग कोरडं. मी मागून म्हटलं, "बाबा." ते पुसत राहिले. मी आणखी जवळ गेले, "बाबा, आई बोलावतायत." काही नाही. मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि ते असे दचकले की फडकं खाली पडलं.

डॉक्टरणीचे शब्द तर ताजेच होते.

"कधी आलीस?" ते म्हणाले.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "आई हाका मारतायत."

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई धाडधाड जिना उतरून आल्या. "आज तरी माझं ऐकणार आहात की नाही?" बाबांनी मान वर करून त्यांचं तोंड बघितलं. मग म्हणाले, "हा कुठेही जायचा नाही."

"अहो, पण त्याला ऐकू..."

"ऐकू येत नाही म्हणून परत द्यायचं असेल, तर टोपली मोठी आण. मलाही बसव तिच्यात."

दारातून नवरा हसला. बाबांची मस्करी अशीच असते. पण या वेळी ते स्वतः हसले नव्हते.

"मस्करी नाही करत मी," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान होता. "मला ऐकू येत नाही. कित्येक वर्षं झाली. ठोके येतात, गाडी आली की कळतं. बोललेलं नाही कळत."

"गिऱ्हाइकांचं बरं कळतं!" सासूबाई अजून रागातच होत्या.

"गिऱ्हाईक समोर उभं असतं. मी त्याचं तोंड वाचतो. तू वरून बोलतेस. तिथून मला काही येत नाही."

"मग ते 'ऐकतोय, ऐकतोय' काय असतं?"

"अंदाजाने म्हणतो. तू कुठल्या वेळेला हाक मारतेस ते इतक्या वर्षांत पाठ झालंय ना. एखादी फळी हलते, मला वाटतं, आली वाटतं पायरीवर."

"सांगायला काय धाड भरली होती?"

बाबांनी ढब्बूच्या पाठीवरून हात फिरवला. "लाज वाटली. आधी वाटलं, होईल बरं. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणाल इतके दिवस खोटं बोललात. मग ते तसंच राहून गेलं."

सासूबाई जवळच्या पत्र्याच्या पेटीवर बसल्या. "मला वाटायचं, तुम्हाला माझंच तेवढं ऐकायचं नाही," त्या म्हणाल्या. "जगाचं ऐकतात, माझं नाही. इतकी वर्षं मी हेच मनात धरून बसले होते." आणि त्या रडायला लागल्या. या घरातली बाई, रडणार तेही मोठ्यानेच. मलाही रडू आलं. नवऱ्याने टेम्पो पुसायच्या फडक्याने नाक पुसलं आणि आणखी काळा झाला.

बाबा उठायला गेले म्हणून ढब्बू जागा झाला. त्यांनी त्याला जमिनीवर ठेवलं. त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं, डुलतडुलत टोपलीपाशी गेला, मोठ्या कष्टाने तिच्यात चढला आणि नव्याने घातलेल्या पांघरुणावर शू केली. परत द्यायचा विषय तिथेच मिटला.

त्यानंतर घरात बरंच बदललं. नवऱ्याने दुकानाच्या एका बाजूला फळ्यांचं कुंपण घातलं. पत्रे आत-बाहेर होतात तेव्हा ढब्बू कुंपणात. हात खाली दाबला की बस, छातीशी आणला की ये, दोन्ही हात झटकले की संपलं, आता काही मिळणार नाही. ही शेवटची खूण त्याला अजिबात मान्य नाही. पिल्लंवाल्या बाईंनी चिंध्यांची एक गादी पाठवून दिली. सासूबाईंनी बाबांना धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्र मिळालं. दुकानात ते काढून ठेवतात, वर आले की घालतात. पण त्यांचं म्हणणं, यंत्राने आवाज कळतो, शब्द अजून तोंडावरूनच कळतात. पहिल्या दिवशी यंत्र घालून जेवायला बसले आणि म्हणाले, "तुम्ही सगळे एवढे ओरडता कशाला?" तेव्हा सासूबाईंनी हातातला आमटीचा डाव उगारला होता.

आता जिन्यावरून हाक कोणीच मारत नाही. सासूबाई वर फळीवर दोनदा पाय आपटतात. खाली ढब्बू मान वर करतो आणि त्याच्या शेजारी बाबाही मान वर करतात. कोणासाठी आपटला ते त्या जिना उतरून आल्यावर ठरतं.

गेल्या आठवड्यात मी कामावरून लवकर आले. गल्लीत शिरले तरी ठणठण ऐकू येईना, म्हणून घाबरून पाय उचलले. दुकानात बघते तर हातोडा बाजूला, बाबा स्टुलावर, त्यांच्या पायांवर ढब्बू पसरलेला, आणि समोर उलट्या पिंपावर सासूबाई. बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्या बोलत होत्या, हळू, अगदी बेताच्या आवाजात. सासूबाईंना इतका मऊ आवाज आहे हे मला तेव्हा कळलं. मी दाराशीच थांबले.

"...समोरचा शिंपी मुलाकडे राहायला गेला. त्याला जुळ्या नाती झाल्या."

"अगं, केव्हा? मी म्हणतोय हा दिसत कसा नाही!"

"झाली की दोन वर्षं. सांगितलं होतं तुम्हाला. वरून." त्या थोडं थांबल्या. "आणि एकदा विचारलं होतं, मी पोहायला शिकू का म्हणून. तलावावर बायकांचा वर्ग निघाला होता. तुम्ही काही बोलला नाहीत. मग मी राहू दिलं."

बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "पोहायला? या वयात?"

"तेव्हा या वयाची नव्हते."

बाबांनी मान हलवली, एकदा, दोनदा. मग पायांवरच्या ढब्बूला न उठवता ते पुढे सरकले.

"आता जा की. मी सोडायला येतो," ते म्हणाले. "आणि अजून काय काय विचारलं होतंस?"

सासूबाई उठल्या. "थांबा, आधी चहा आणते," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल."